कानामागचं काजळ

माझ्या आईनं मला कधी मारलं नाही. हे मी कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, भाग्यवान आहात बाई. मग मी पुढं काही बोलत नाही. माझ्या पाठच्या भावाला, नामाला, ती दिवसातून दोनदा बडवायची आणि तीनदा मुके घ्यायची. तो मळ्यातून चिखलाचे पाय घेऊन आला की पाठीत धपाटा घालायची, आणि तो भोकाड पसरू लागला की त्याच पाठीवरून हात फिरवत त्याला मांडीवर ओढायची. मी दाराच्या चौकटीला टेकून बघत उभी असायची आणि एखादा धपाटा आपल्यालाही मिळावा असं मला मनापासून वाटायचं. तो मिळाला नाही. मी समोर आले की आई डोक्यावरचा पदर सारखा करायची, बसलेली असली तर उठून उभी राहायची आणि खाली बघत विचारायची, "जेवाले वाढू का तुमाले?" मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन.

याचं कारण सगळ्या अमडापूर गावाला माहीत होतं. मी माझ्या आईची सासू होते.

आमच्याकडे तेव्हा अशी रीत होती की घरातलं जिव्हाळ्याचं माणूस गेलं की त्याला उचलण्याआधी अंगावर कुठंतरी काजळाचा ठिपका द्यायचा. पुढं ते माणूस परत त्याच घरात जन्माला आलं की त्या खुणेवरून ओळखू येतं. माझी आजी पार्वता सवाष्ण गेली. तिला आंघोळ घालून, हिरवं लुगडं नेसवून, कपाळभर कुंकू लावलं, आणि आजोबांनी, ज्यांना सगळं घर आबाजी म्हणायचं, दारातूनच आईला सांगितलं की डाव्या कानामागं खूण कर. त्यानंतर अकराव्या महिन्यात मी जन्मले. माझ्या डाव्या कानामागं तुरीच्या दाण्याएवढा काळा डाग होता. सुईणीनं तो ओल्या फडक्यानं पुसून पाहिला म्हणे, तो जाईना, तेव्हा तिनं हातातलं फडकं खाली ठेवून मला हात जोडले. बारशाला नाव शोधायची गरजच पडली नाही. आणि सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नसतं, त्यामुळं माझ्या आईनं मला जन्मात कधी नावानं हाक मारली नाही.

वडिलांना सोपं गेलं. आमच्या भागात बाप लेकीला माय म्हणतोच, तेव्हा ते मला माय म्हणत आणि त्यातून ज्याला जो अर्थ घ्यायचा तो घ्यावा. आबाजी मात्र मला "ऐकलं का" म्हणायचे. बायकोला मारायची ती हाक त्यांना तशीच्या तशी ठेवायची होती. पेरणीच्या आधी ते ओसरीवर माझ्यासमोर येऊन बसायचे, पागोटं काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि विचारायचे, "ऐकलं का, आवंदा तूर किती घालावी?" मी बोटं मोजत म्हणायचे, "दोन एकर." आणि दोन एकर तूर पेरली जायची! एका वर्षी मी चिडून म्हटलं, समदीकडे शेवंती लावा. त्या वर्षी विहिरीजवळच्या तुकड्यात खरंच शेवंती लागली आणि गावातल्या बायकांनी पदर तोंडाला लावून हसून घेतलं. शाळेत पोरी मला म्हातारे म्हणायच्या. पंतोजींनी एकदा पट्टी उगारली आणि मग काय मनात आलं कोण जाणे, खाली ठेवली. मी सगळ्या वर्गात एकटीच मार न खाता शिकले, आणि म्हणून असेल, माझं अक्षर अजूनही वाईट आहे.

आबाजींबद्दल इथं एक सांगून ठेवते, कारण आजकालच्या वाचकाच्या मनात नको ते येईल. इतका मर्यादेनं वागणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. ते माझ्याजवळ हातभर अंतर ठेवून बसत. मळ्यातलं पहिलं वांगं, पहिली काकडी माझ्या पाटासमोर आणून ठेवत आणि निघून जात. मला ते आवडायचं. कुणीतरी आपल्याबरोबर एक जन्म काढून पुन्हा आपली वाट बघितली आहे, ही गोष्ट सात वर्षांच्या पोरीलाही कळते. नामा आला नसता तर कदाचित मी त्यातच सुखानं राहिले असते. नामा आला, आणि आईची मांडी कशासाठी असते ते मला दिसलं.

आजी कशी होती हे मला घरात कुणी सांगितलं नाही. शेजारच्या गंगूकाकीनं सांगितलं, तेही मी आजीच आहे हे विसरून. आजी चुलीपाशी उभी राहून आईची प्रत्येक भाकर हातात घेऊन बघायची. काठ जाड राहिला तर ती भाकर गोठ्यात म्हशीपुढं जायची आणि त्या वेळी आईला उपाशी राहावं लागायचं. आईच्या उजव्या मनगटावर एक पांढरा चट्टा होता, तो तापलेल्या उलथन्याचा होता. हे ऐकून मी घरी आले. आई भाकरी थापत होती. मला अजून सांगता येत नाही की मी तसं का केलं. टोपल्यातली वरची भाकर उचलून मी म्हणाले, "काठ जाड राह्यला." आईच्या हातातला गोळा परातीत पडला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. तव्यावरची भाकर उलटायला तिनं उलथनं न घेता नुसता हात घातला आणि चार बोटं भाजून घेतली. मी पळत मळ्यात गेले आणि मोटेचे बैल चालतात त्या उतारावर, धावेवर, बसून राहिले. तिथं बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, मोटकरी रोजच्यासारखा गात होता, आणि मला एवढंच कळत होतं की आपल्या तोंडून दुसरं कुणी बोललेलं नाही. ते मीच बोलले होते. पुढं आयुष्यभर 'मी' म्हणजे कोण या प्रश्नावर मी विद्यार्थ्यांना शिकवत आले, दोन पुस्तकं लिहिली, पण त्या धावेवर जे कळलं त्याच्यापुढं फारसं गेले असं काही मला वाटत नाही.

मी बारा वर्षांची होते तेव्हा मामा उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडं राहायला आला. आईचा हा धाकटा भाऊ शिष्यवृत्तीवर शिकत शिकत नागपूरच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला लागला होता. खामगावपर्यंत रेल्वे आणि तिथून सर्व्हिस मोटार, असा तो धुळीनं पांढरा होऊन उतरला. बरोबर एक ट्रंक पुस्तकं होती. तो प्रबंध लिहीत होता. पोथ्यांमध्ये आत्मा म्हणतात ते आणि विलायतेतल्या नव्या मानसशास्त्रात मन म्हणतात ते, ही दोन एकच का निराळी, आणि माणूस 'मी' म्हणतो तेव्हा त्यातलं कोण बोलतं, असा त्याचा विषय होता. आत्म्याबद्दल त्याच्याकडं ढीगभर लिहिलेलं होतं आणि मनाबद्दलही. त्याला हवं होतं एक जिवंत माणूस, ज्याच्याबद्दल दोन्हीकडच्यांना काहीतरी म्हणता येईल. ते त्याच्या बहिणीच्याच घरात होतं. तो मला पारू म्हणायचा. मला पारू म्हणणारा, माझी वेणी ओढणारा, "ए, पाणी आण" म्हणणारा तो जगातला एकमेव माणूस होता. त्यानं सांगितलं असतं तर मी विहिरीत उडी टाकली असती.

आल्या दिवसापासून त्यानं वही उघडली. मला काय आठवतं, कुठं आठवतं, स्वप्नात कोण दिसतं, आजीचं नाव ऐकलं की पोटात काही होतं का. मी खरं तेच सांगायचे. मला तो फार आवडत होता, आणि शिवाय माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. मामा एवढा शिकलेला आहे. मी आजी नाही असं त्यानं सिद्ध केलं तर ते सगळ्यांना मानावं लागेल. मग आईची भीती जाईल आणि ती मला जवळ घेईल. दुसरं मला काही नको होतं. आबाजींचं काय होईल हा विचार मला शिवलासुद्धा नाही, हे आज लाज वाटत असली तरी लिहिते.

ते दिवस सरगुंड्यांचे होते. घट्ट मळलेल्या पिठाची बारीक वळी करायची, ती काडीभोवती गुंडाळत न्यायची आणि काडी हळूच काढून घ्यायची, की पोकळ पिळदार सरगुंडा खाटेवर वाळायला पडतो. मग पावसाळ्यात शिजवून खायचे, आणि पाहुणा आला असेल तर लगेच आंब्याच्या रसात. आमच्या अंगणातल्या तिन्ही खाटा त्यांनी भरल्या होत्या. आई आणि गंगूकाकी आतल्या घरात वळत बसायच्या. त्या दुपारी मामानं ओसरीवर आबाजींना बसवलं, मला समोर बसवलं आणि हातातली चिठ्ठी दाखवली. आबाजींनी आदल्या दिवशी एक गोष्ट त्याच्या कानात सांगितली होती, जी फक्त त्यांना आणि आजीला माहीत होती. ती त्यानं लिहून ठेवली होती. "पारू," तो म्हणाला, "मळ्यातल्या विहिरीले पाणी लागलं, त्या दिवशी तुझ्या आजीनं काय केलं?"

मला आजीचं लुगडं ओळखता आलं असतं, तिची मिसळणाची पेटी, तिचा पाट. ते सगळं मी जन्मापासून ऐकत आले होते. पण विहिरीबद्दल कधी कुणी काही बोललं नव्हतं. मी आबाजींकडं पाहिलं. ते पुढं वाकले होते. त्यांचे ओठ हलत होते. परीक्षेत आपल्या पोराला उत्तर यावं म्हणून बाप जसा खिडकीतून बघतो तसं ते माझ्याकडं बघत होते, आणि मला वाटतं, त्यांना मला उत्तर सांगायचं होतं. आतल्या दारात आई उभी होती. तिच्या हाताला पीठ होतं. मी तिच्याकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "मले काई याद नाई. मले कधीच काई याद नव्हतं. लोक सांगतात तेच मी सांगतो."

मामानं वहीत लिहून घेतलं. आबाजींनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि समजुतीच्या आवाजात म्हणाले, "राहू द्या. एक देह सोडून दुसऱ्यात आली, तं इसरनच मानूस. मी कालचं जेवन इसरतो. खूण तं हाय ना." आणि ते मळ्यात निघून गेले. मी इतकं मोठं सांगितलं आणि ते त्यांच्या मनाला नुसतं घासूनही गेलं नाही. आई दारातून कधी गेली तेही मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा चुलीपाशी जाऊन बसला. गंगूकाकी आली नव्हती. मी पडवीत सरगुंड्यांची काडी फिरवत होते आणि मधली भिंत कुडाची होती, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं. मामानं सहज विचारलं, "ताई, खूण तूच केली होती ना? कुठं केली, केवढी केली, नीट सांग." आईनं चुलीत कपाशीच्या चार वाळक्या पळकाट्या सारल्या. मग आई म्हणाली, "कोनाले सांगशीन नाई?"

"नाई."

"मी केलीच नाई खूण."

काजळ बोटावर घेतलं होतं, ती म्हणाली. कानापर्यंत बोट नेलं होतं. बाकीच्या बायका लुगड्याच्या निऱ्या घालत होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं. "आन् मले वाटलं, नोको. सात वर्सं झाले. आता नोको. मी बोट मागं घेतलं."

मामा हसलाच. त्याला आनंद लपवता येईना. "मंग तं मिटलंच ना ताई! खूणच नव्हती, तं पोरीचा डाग हा नुसता डाग हाय. असे हजारो लेकरांले असतात. तू कायले भेतं एवढी?" मी पडवीत काडी हातात धरून बसले होते आणि वळी तुटली. खूणच नव्हती! मग मी कुणीच नव्हते. मी नुसती आईची मुलगी होते.

मामा शब्दाचा माणूस होता. त्यानं ते मुद्दाम सांगितलं असं मी कधी मानलं नाही. पण वाद हे त्याचं व्यसन होतं, आणि आबाजींनाही रोज दिवेलागणीला पोथीवर बोलायला कुणीतरी हवं असायचं. चार दिवसांनी ओसरीवर पोथी वाचून झाली आणि आबाजी म्हणाले, देह बदलते, आतला मानूस बदलत नाई. मामा म्हणाला, आतला माणूस म्हणजे काय? आठवण म्हणावी तर ती पोरीला नाही. स्वभाव म्हणावा तर तो आजीचा नाही. मग उरतं काय? आबाजी हसले आणि म्हणाले, "उरते ते कानामागं हाय, प्रोफेसर. तुमच्या बुकात नाई." मामाचा चेहरा लाल झाला. त्याच्या तोंडून निघून गेलं, "ते खूण कोनी केलीच नव्हती आबाजी!"

बोलल्याबरोबर त्यानं जीभ चावली. वडील गोठ्याकडं जायला उठले होते, ते तसेच उभे राहिले. आबाजींनी पोथी फडक्यात बांधली, गाठ नीट मारली, आणि आत हाक दिली. आई बाहेर येऊन खांबाआड उभी राहिली.

"खरं हाय?"

"हाव, मामंजी."

"काऊन?"

मला वाटलं ती रडेल, पाया पडेल, विसरले म्हणेल. काहीतरी खोटं सांगितलं असतं तरी आबाजींनी ते आनंदानं घेतलं असतं. तिनं डोक्यावरचा पदर हातानं घट्ट धरला आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "मले पुन्हा नोको होत्या त्या."

गोठ्यात म्हैस दाव्याला हिसके देत होती. आबाजींनी मान हलवली, जशी बाजारात कुणी भाव सांगितला की हलवतात, आणि ते उठून घरात गेले. ते तिला रागावले नाहीत. पुढंही कधी नाही. तिच्या हातचं जेवत राहिले, ताटात काय आहे ते न बघता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या पाटाजवळून जाताना म्हणाले, "सरक व पोरी." आयुष्यात पहिल्यांदा मी कुणासाठी तरी नुसती पोरगी झाले होते. मी सरकले, आणि मला हसू आवरेना. मी तडक आईकडं गेले. ती अंगणात खाटेपाशी सरगुंडे पालटत बसली होती. मी खाली बसले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिच्या लुगड्याला पिठाचा आणि धुराचा वास होता. डोळे मिटून मी वाट बघत राहिले. तिचा हात वर आल्याचं मला कळलं, कारण बांगड्या वाजल्या. तो हात माझ्यावर आला नाही. मी डोळे उघडले तेव्हा तो माझ्या तोंडापासून वीतभर वर होता.

"उठा," ती म्हणाली. "उठा ना. कोनी पाहीन."

"आई, खूण नव्हती ना. मी आयकलं समदं. मी ते नाई हाय."

तेव्हा तिनं मला जे सांगितलं ते तिनं मामाला सांगितलं नव्हतं, कारण त्यानं विचारलंच नाही. बोट मागं घेतल्यावर त्याच्यावरचं काजळ कुठं गेलं हे त्याच्या वहीत कुठं नव्हतं. भिंतीला पुसलं तर दिसलं असतं, पदराला पुसलं तर डाग राहिला असता. म्हणून आईनं ते लुगड्याच्या आत, आपल्या पोटाला पुसलं. "त्याच वाटेनं आल्या तुमी," ती म्हणाली. "त्यायच्या अंगावर खूण नोको म्हनून मी माह्याच अंगावर केली. त्यायनं पाह्यलं असन. आत्याबाईले समदं दिसे." सासूला ती आत्याबाई म्हणायची.

मी उठले. चाळीस वर्षांनंतर एका परिषदेत मी अपराधभावनेवर तासभर बोलले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या वेळी समोरच्या टेबलाच्या जागी मला ती सरगुंड्यांची खाट दिसत होती. मामानं जे एका बाजूनं सोडवलं होतं ते आईनं दुसऱ्या बाजूनं केव्हाच गाठ मारून ठेवलेलं होतं. खूण नव्हती हेच तिच्यासाठी सगळ्यात मोठं प्रमाण होतं. मी किती शिकले तरी ती गाठ सोडवायचं शास्त्र मला सापडलं नाही. कुणी म्हणेल, तुम्ही तिला समजावून सांगायचं होतं. मी सांगितलं. पन्नास वर्षं सांगितलं.

मामा सुट्टी संपायच्या आधीच गेला. जाताना आईच्या पाया पडला. ती म्हणाली, "जा. खुशाल राह्य." आबाजींनी त्याच्यासाठी टोपलीभर आंबे बांधून दिले. त्याचा प्रबंध पुरा झाला नाही. पुढं मी शिकायला नागपूरला त्याच्याच घरी राहिले, तेव्हा त्यानं ती वही मला देऊन टाकली. आमच्यावरच्या पानांच्या शेवटी निष्कर्ष असा एक शब्द आहे आणि खाली पान कोरं आहे.

त्या वर्षी पेरणीला आबाजींनी मला काही विचारलं नाही. वडिलांनी आपल्या मनानं पेरलं. आबाजी बहुतेक विहिरीवर, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याशी बसून राहायचे. मी नामाबरोबर भाजी खुडायला जायचे, आता मला मोकळीक होती. हिवाळ्याच्या सुरुवातीला एकदा मी वांगी घेऊन परत निघाले तेव्हा त्यांनी हाक मारली. हातभर अंतर न ठेवता जवळ बसवलं. म्हणाले, "इथं पानी लागलं ना, तवा तुही आजी हासली. खदाखदा हासली. मी तिले एकडावच हासतानी पाह्यलं." चिठ्ठीत तेवढंच होतं. मग म्हणाले, "तुह्या मायले सांगू नोको. तिले खरं नाई वाटनार." मी त्यांच्या गुडघ्याला हात लावला. मला एकदम वाटलं, आपल्याला आठवतं म्हणून सांगावं. एक खोटा शब्द बोलायचा होता. तो मला तेव्हाही बोलता आला नाही, आणि महिनाभरात ते गेले.

त्यांना उचलण्याआधी आई पुढं झाली. कुणी सांगितलं नव्हतं. तिनं काजळाची डबीच आणली, आणि सगळ्या माणसांदेखत त्यांच्या डाव्या कानामागं बोट घासून घासून एवढा मोठा ठिपका दिला की काजळ मानेवर ओघळलं. पुढं नामाला तीन मुलं झाली. प्रत्येक वेळी आई बाळंतिणीच्या खोलीत पहिली शिरायची आणि बाळाचं डोकं वळवून बघायची. कुणालाच काही नव्हतं.

मी लग्न केलं नाही. शिकवत राहिले, आणि शेवटची सात वर्षं आई माझ्याकडं होती. नोकरीवरून आले की ती पलंगावरून उठून उभी राहायची. मी सांगून थकले, मग सांगणं सोडून दिलं. मी तिला न्हाऊ घालायचे, वेणी घालायचे, भात कालवून भरवायचे. ती निमूट करून घ्यायची, पण अंग चोरायची. शेवटच्या दुखण्यात एका सकाळी मी तिचं तोंड पुसत होते. तिनं माझा हात धरला. तिच्या बोटांत तशी ताकद उरली नव्हती. म्हणाली, "मले खूण करू नोको."

"काऊन आई?"

"मी पुन्हा आली तं तू भेशीन. लय वाईट असते ते." आणि धरलेला तो हात तिनं आपल्या गालाखाली घेतला आणि त्यावर डोकं टेकून डोळे मिटले. बराच वेळ तशीच पडून होती. माझा हात मुंग्या येऊन बधिर झाला तरी मी तो काढला नाही.

ती दुपारी गेली. बायका आल्या, आंघोळ झाली, लुगडं नेसवून झालं. एका बाईनं विचारलं, काही राहिलं का तुमच्याकडचं? मी नाही म्हणाले. मग आत गेले. माझ्या घरात काजळ नव्हतं, मी ते कधी घातलं नाही. देवापुढच्या दिव्यावर मी वाटी धरली आणि काजळी धरेपर्यंत उभी राहिले. मला मूल नव्हतं, मी पासष्टीची झाले होते, आणि ज्या घरात ती यायची ते घर माझ्याबरोबरच संपणार होतं. हे सगळं मला त्या वेळी ठाऊक होतं. बाहेर येऊन मी तिचे पांढरे केस बाजूला केले आणि डाव्या कानामागं बोट टेकलं.

उरलेलं काजळ मी माझ्या पोटाला पुसलं.